आप्पांची नाडी लागेना, आणि डब्यातली गोळी तशीच

पत्र असं आहे. नाव-गाव काढलंय, बाकी तिच्याच शब्दांत.

"ताई, माझे सासरे, आम्ही आप्पा म्हणतो, वय 61. पूर्व भागात आमचे टॉवेलचे चार माग आहेत. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे अटॅक आला, इथंच सोलापुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आधी उजव्या हातातून ट्राय केलं, जमेना म्हणून जांघेतून केलं. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झालती, आता रंग गेला पण जांघेत सुपारीएवढी गाठ लागतेय. शुगर बारा वर्षांची. डायमुळं (नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) किडनीचं क्रिएटिनिन 1.2 चं 1.9 झालं म्हणून दोन दिवस जास्त ठेवलं, आता 1.4 आहे. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या वैद्यांनी हात धरला आणि म्हणाले उजव्या हाताला नाडीच लागत नाही, तेव्हापासून घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय, जिना चढला की दम लागतोय. मोठे मामा म्हणाले रक्त फार पातळ झालंय, ती दोन वेळची गोळी बंद करा. चार दिवस झाले आप्पांनी बंद केलीय, इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) तेवढी घेतात आणि गुडघ्याची एक, मेडिकलमधून आणलेली. डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यात दुसऱ्या नसेतल्या 80 टक्के ब्लॉकेजसाठी परत बोलावलंय. मामा म्हणायलेत हे सगळं रॅकेट आहे, परदेशात सिद्ध झालंय स्टेंटचा काही उपयोग नसतो. घरात माझं कोण ऐकत नाही. काय करू?"

अगं, तुझं पत्र मंगळवारी रात्री वाचलं आणि सदराची वाट न बघता तुला दोन ओळी पाठवल्या की आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला फोन लाव, गोळी चार दिवस बंद आहे एवढंच सांग, आणि ते सांगतील तेवढीच गोळी दे, राहिलेल्या भरून काढायला आपल्या मनानं जास्त देऊ नको. तू लावलास, त्यांनी सकाळी बोलावून ईसीजी काढला, गोळी परत सुरू झाली. बरं झालं. आता सावकाश लिहिते, कारण असल्या घरातल्या मामांची मला सवय आहे, मी 22 वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथं अँजिओ-प्लास्टी करतात तिथं, सिस्टर होते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषध बदलायचं काम त्यांचं.

तुझ्या पत्रात मांडीची गाठ आहे, नाडी आहे, क्रिएटिनिन आहे, हिरड्या आहेत, दम आहे, रॅकेट आहे. आणि गोळी बंद केल्याचं मधे कुठंतरी, जाता जाता लिहिल्यासारखं. मला पत्र वाचताना बाकी काही दिसलंच नाही, तीच एक ओळ दिसली.

का ते सांगते, जरा मागून सुरुवात करते. 1929 मध्ये जर्मनीत बर्लिनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात वर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता, त्याला हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत न्यायची होती, वरिष्ठांनी परवानगी नाही दिली. मग त्यानं ओटीच्या सिस्टरला पटवलं, कारण सामानाची चावी तिच्याकडं, ती म्हणाली माझ्यावर करा, त्यानं तिला टेबलाला बांधली आणि नळी घातली स्वतःच्या हातात! मग तसाच नळी लोंबत जिना उतरून एक्सरे काढायला गेला. नोकरीवर गदा आली आणि 1956 मध्ये नोबेल मिळालं. त्या सिस्टरला काय मिळालं विचारू नको, मला दर वेळी तिचीच आठवण येते.

त्यानंतर 1977 च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये अँड्रियाज ग्रुंटझिगनं 38 वर्षांच्या जाग्या माणसाच्या हृदयाच्या नसेत बारीक फुगा फुगवून ब्लॉकेज उघडलं. जगात पहिल्यांदा. पण नुसत्या फुग्यानं उघडलेली नस शंभरातल्या तीसेक लोकांची काही महिन्यांत परत आवळायची, काहींची तर टेबलावरच चिरायची आणि बंद पडायची. मग 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये नसेला आतून टेकू म्हणून धातूची जाळी बसवायला लागले, तोच स्टेंट. नस आवळायची थांबली, तर जाळीच्या आत मांस वाढायला लागलं, जखमेवर वण चढतो ना तसं, आणि परत अडथळा. मग 2000 च्या आसपास जाळीला औषधाचा लेप आला, ते मांस वाढू देत नाही. झकास. पण त्याच औषधामुळं जाळीवर जो नॉर्मल पातळ पापुद्रा चढायचा असतो तोही सावकाश चढतो, म्हणजे धातू जास्त दिवस उघडा राहतो, आणि रक्तात उघडा धातू दिसला की प्लेटलेट, म्हणजे रक्तातले गुठळी करणारे कण, त्याच्यावर तुटून पडतात.

म्हणजे बघ, एक दुखणं काढलं की त्याच्यापोटी दुसरं, असं करत करत ही साखळी येऊन थांबली ती आप्पांच्या डब्यातल्या त्या दोन वेळच्या गोळीवर. ती गोळी आणि इकोस्प्रिन, दोघी मिळून, जाळी झाकली जाईपर्यंत प्लेटलेटना लांब ठेवतात. अटॅकनंतर स्टेंट असेल तर साधारण वर्षभर दोन्ही, पुढं एक जन्मभर. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर वर्षाच्या आतही कमी करतात, पण ते ठरवून, तारीख लिहून. पाचव्या आठवड्यात घरच्या घरी बंद करायची म्हणजे चालू मागात हात घालायचा प्रकार आहे, आप्पांना याच भाषेत सांग, त्यांना बरोबर कळेल.

स्टेंटमध्ये गुठळी झाली ना, तर ते हळूहळू दुखत नाही, नस धाडकन बंद होते आणि आधीपेक्षा मोठा अटॅक येतो. पहिल्या महिन्यात धोका सगळ्यात जास्त, नंतर उतरतो पण संपत नाही. आणि तिच्या कारणांमध्ये वरच्या नंबरावर हेच, गोळी मधेच सोडणं. एक किराणा दुकानदार होते आमच्याकडं, प्लास्टी एकदम सुंदर झालेली, हसत घरी गेले. एकोणिसाव्या दिवशी दाढ काढायची होती म्हणून कुणीतरी सांगितलं दोन्ही गोळ्या थांबवा, यांनी कार्डिओलॉजिस्टला विचारलंच नाही. चौथ्या दिवशी रात्री परत आमच्याच टेबलावर. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग 55 टक्क्यांचं 30 वर आलं, नंतर दुकानात पोतं सोडा, गुळाची ढेप उचलता येईना. त्यांची बायको मला म्हणाली होती, सिस्टर, दाढेसाठी हो... दाढेसाठी! आणि गंमत अशी की साधी दाढ बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते, दाबून धरायचं, टाका घालायचा, आणि नाहीच जमत असं वाटलं तर काही महिने पुढं ढकलायची. दातवाल्यांनी आणि हृदयवाल्यांनी एकमेकांना फोन करायचा, पेशंटनं मधे निरोप्या व्हायचं नाही.

आता हिरड्या. ब्रश करताना थुंकीत लाल दिसणं, हातावर कुठं आपटलं की निळं पडणं, दाढी करताना कापलं तर जास्त वेळ ओघळणं, हे या गोळ्यांवर होतंच, तो गोळी काम करत असल्याचा पुरावाच आहे म्हण ना. मऊ ब्रश आण, तंबाखू-मिश्री असेल तर (आहे ना? लिहिलं नाहीस, पण मागावरची माणसं, मला माहितीये) ती बंद. घाबरायचं कधी तर संडास डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखं काही आलं, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त दाबूनही थांबेना, किंवा डोकं अचानक फुटेल असं दुखलं किंवा तोंड वाकडं झालं, तर मात्र सरळ हॉस्पिटल. तेव्हासुद्धा गोळीचं काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.

आणि ती गुडघ्याची गोळी! तू ती अशी सहज लिहिलीस जसं काय चहाबरोबर खारी. मेडिकलमधून मिळणाऱ्या गुडघ्याच्या गोळ्यांत बऱ्याचदा डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन असतं. ही मंडळी पोटात अल्सर करतात, वर दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असताना तिथून रक्त गळायला वेळ लागत नाही, किडनीला मारतात, अटॅकचा धोका वाढवतात, आणि त्यातली आयबुप्रोफेन तर इकोस्प्रिनच्या कामात पाय घालते. म्हणजे मामांनी बंद केली कोणती आणि चालू ठेवली कोणती बघ. उलटं व्हायला पाहिजे होतं. पाकीट घेऊन जा डॉक्टरांकडं, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का विचार, गुडघ्याला शेक द्या, पण ती गोळी कचऱ्यात टाक, परत डब्यात नको. ॲसिडिटीची गोळी कोणती देताहेत तेही दाखव, ओमेप्राझोल आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी एक वेळची गोळी, काहींना ती असते) यांचं जमत नाही, म्हणून बहुतेक डॉक्टर पँटोप्राझोल देतात.

दम लागतोय त्याची दोन-तीन कारणं असू शकतात आणि ती फोनवर कळत नाहीत. दोन वेळची म्हणतेस म्हणजे बहुधा टिकाग्रेलॉर असणार, त्या गोळीनं शंभरात दहा-पंधरा लोकांना थोडा दम लागतो, बसल्या बसल्या मोठा श्वास घ्यावासा वाटतो, ते धोक्याचं नसतं आणि फारच त्रास असेल तर डॉक्टर बदलून एक वेळची दुसरी देतात. पण अटॅकनंतर पंपिंग कमी झालं असेल तरी जिन्यात दम लागतो, रात्री आडवं झोपता येत नाही, पायाला सूज येते. गोळी चार दिवस बंद होती तेव्हा दम कमी झालता का? एवढं एक आठवून सांग त्यांना, त्यांचं निम्मं काम होईल. आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, परत कधी ते विचार.

नाडीचं वाचून मला खरं सांगू, हसू आलं, नंतर वाटलं की अरे घरात त्या बिचाऱ्यांची काय अवस्था झाली असेल. हातातून जेव्हा प्लास्टी करतात तेव्हा अंगठ्याच्या बाजूची जी नस असते, वैद्य जिथं तीन बोटं ठेवतात तीच, तिच्यात नळी घालतात, आम्ही शीथ म्हणतो. पेनाच्या रिफिलपेक्षा वाइच जाड असेल. ती नस नाजूक, काहींची घाबरून नळीवरच गच्च आवळते, पेशंट म्हणतो हात भाजायलाय, नळी पुढं ना मागं. औषध देऊन सोडवतात, नाहीच सुटली तर जांघेतून जातात. आप्पांचं हेच झालेलं दिसतंय. नंतर शंभरातल्या काही जणांची ती नस तिथंच बंद होते, म्हणून नाडी लागत नाही. पण हाताला नसा दोन असतात, करंगळीच्या बाजूनं दुसरी येते आणि तळहातात दोघींची कमान असते, म्हणून हाताला रक्त पोचत राहतं, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. बोटं गार पडली, पांढरी-निळी झाली, मुंग्या किंवा दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगायचं की उजव्याला नाडी नाही, म्हणजे ते डाव्या हाताचा विचार करतील, तिथं खटपट करून वेळ जाणार नाही.

हातातून करण्याचा शोधही असा उगाच नाही लागला, जांघेत रक्त फार जातं म्हणून लागला. जांघेतली शीथ काढली की नसेला पडलेलं भोक बोटांनी दाबून धरावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. मधे उचलून बघायचं नाही. इतकं दाबायचं की रक्त थांबेल आणि इतकं नाही की पायाची नाडी जाईल, दुसरा हात पेशंटच्या पावलावर ठेवायचा. माझ्या उजव्या अंगठ्याचं दुखणं आहे ना, ते त्याचंच आहे. मग चार-सहा तास पाय सरळ. आणि इथं सोलापुरी माणूस कुठं ऐकतोय. एक आजोबा, अक्कलकोटकडचे, यांना बेडवर भांड्यात लघवी करायची लाज, मी दुसऱ्या पेशंटकडं गेले तेवढ्यात हे उठून बाथरूमला. परत येऊन गुपचूप झोपले पांघरूण घेऊन. अर्ध्या तासानं म्हणतात, सिस्टर, कंबर लई दुखायलीय. जांघेत बघितलं तर काही नाही, कोरडं. पण बीपी 80, कपाळाला घाम. रक्त बाहेर यायच्या ऐवजी आत, पोटाच्या मागच्या बाजूला जात होतं, तिथं दीड-दोन लिटर मावतं आणि वरून काही दिसत नाही. वाचले, तीन बाटल्या रक्त चढवून. तेव्हापासून जांघेतून झालेल्या कुणाचीही कंबर दुखली की मी उशी देत नाही, आधी बीपी बघते.

आप्पांचं ते सगळं मागं पडलं. मांडी काळीनिळी होऊन पिवळी पडत उतरली म्हणजे त्वचेखाली जमलेलं रक्त ओघळून जिरलं, दिसायला भयंकर, पण जिरतं. सुपारीएवढी गाठ कडक असेल, दुखत नसेल, आठवड्यागणिक लहान होत असेल तर जुनं थिजलेलं रक्त आणि वण, अजून महिनाभर राहील. पण एक काम कर, म्हणजे अत्याबाईंना नाहीतर तुझ्या नवऱ्याला करायला सांग, गाठीवर हलकीच दोन बोटं ठेवायची. ठोके लागतात का? मांजर घुरघुरल्यासारखं काही लागतं का? गाठ वाढायलीय का? तसं असेल तर नसेचं भोक नीट मिटलं नाही आणि बाजूला रक्ताची पिशवी तयार झालीय, डॉप्लर सोनोग्राफीत लगेच दिसते. सोनोग्राफीखाली दाबून किंवा एक इंजेक्शन देऊन बंद करतात, ऑपरेशन क्वचित. ठोके लागत असतील तर त्याच दिवशी जायचं, नसतील तरी गुरुवारी डॉक्टरांकडं जाणारच आहात तेव्हा दाखवा. आणि तेल लावून चोळणं, गरम विटेनं शेकणं, पोटीस बांधणं... नको. सोलापुरात गाठ दिसली की शेकायची असं एक आहे आपलं.

किडनीचं. डायनं क्रिएटिनिन वाढलं तर साधारण दोन-तीन दिवसांत वाढतं आणि बहुतेकांचं पंधरा दिवसांत खाली येतं. शुगरवाल्यांचं जास्त वाढतं, आधीपासून किडनी थोडी मार खाल्लेली असेल तर अजून जास्त. सगळा दोष डायचाच असतो असंही नाही, अटॅकमध्ये बीपी पडलं की किडनीलाही रक्त कमी जातं. तुमचं 1.9 चं 1.4 आलंय, पण 1.2 झालं नाही, आणि वर ती गुडघ्याची गोळी. म्हणून दुसऱ्या प्लास्टीआधी क्रिएटिनिन परत, आणि झाल्यावर दोन-तीन दिवसांनी परत, डिस्चार्ज मिळाला असला तरी लॅबमध्ये जाऊन. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे लिहून घे. आणि आता ऊन कसलं आहे, 43 च्या पुढं, मागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली तर विचारूच नको, अशा घामानं सुकलेल्या माणसाला डाय देणं म्हणजे किडनीवर डबल मार. आदल्या दिवशी आप्पांनी शेडमध्ये जायचं नाही. पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचार, पंपिंग कमी असेल तर जास्त पाणी छातीत भरतं, म्हणून कुणी सांगितलं तीन लिटर प्या तर लगेच पिऊ नका. ते सलाइन हिशोबानं लावतील.

आता मामांचं रॅकेट. मी मामांना एकदम चूक म्हणणार नाही. मी स्वतः असे स्टेंट बघितलेत जे नसते टाकले तरी चाललं असतं, आणि बाहेर नातेवाइकांना "आत्ता नाही केलं तर काही खरं नाही" असं सांगून अर्ध्या तासात सह्या घेतलेल्याही बघितल्यात, इथं सही, इथं सही आणि इथं. परदेशातल्या अभ्यासाचं ते म्हणतात तेही खोटं नाही. 2020 मध्ये इस्केमिया नावाची पाच हजारांवर पेशंटची मोठी ट्रायल छापून आली, त्यात बरेचसे चालल्यावर छातीत दुखणारे, पण नुकताच अटॅक न आलेले, स्थिर पेशंट होते. त्यांच्यात नुसती औषधं आणि स्टेंट-बायपास यांच्यात मरण्याच्या किंवा अटॅकच्या बाबतीत मोठा फरक दिसला नाही, छातीचं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. म्हणजे कुणाला तपासणीत सहज 70 टक्के ब्लॉकेज सापडलं आणि छातीत काही होत नसेल तर थांबून विचार करायला पूर्ण जागा आहे.

पण आप्पा त्या गटातले नाहीतच की! त्यांना अटॅक आला होता. अटॅकच्या वेळी जी नस बंद पडते ती उघडणं म्हणजे जीव वाचवणं, दवाखान्यात पोचल्यापासून दीड तासाच्या आत फुगा फुगवायची धडपड असते ती त्यासाठी. आणि अटॅकवाल्यांच्या दुसऱ्या नसांचं काय करायचं यावर 2019 मध्ये कम्प्लीट नावाची वेगळी ट्रायल आली, चार हजारांवर पेशंट. त्यात 70 टक्क्यांच्या वरची दुसरी ब्लॉकेजही नंतर ठरवून उघडली, तर पुढच्या तीनेक वर्षांत परत अटॅक येण्याचं प्रमाण कमी झालं. आणि ती दुसरी प्लास्टी डिस्चार्जनंतर करायची तर कितीपर्यंत? 45 दिवसांच्या आत. सहा आठवडे म्हणजे किती दिवस झाले मोज. तर डॉक्टरांनी सहावा आठवडा हवेतून नाही काढला. मामांचा फॉरवर्ड खराच होता फक्त तो दुसऱ्याच पेशंटचा होता.

तरी विचारायचं ते विचार. नस कुठली, पुढची मोठी की बाजूची? किती नसांत आहे? शुगरवाल्याला दोन-तीन मोठ्या नसांत ब्लॉकेज असेल तर बायपास जास्त टिकते असं 2012 च्या फ्रीडम ट्रायलमध्ये दिसलंय, म्हणून तो प्रश्न शुगरवाल्यांनी विचारलाच पाहिजे. ब्लॉकेज काठावरचं असेल तर वायरनं ब्लॉकेजच्या पुढचं प्रेशर आधीच्या प्रेशरच्या किती पट उरलंय ते मोजतात, 0.80 किंवा खाली आलं तर रक्त खरंच कमी पडतंय, वर असेल तर बऱ्याचदा स्टेंट टाळता येतो. 80 टक्क्यांना लागेलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि अँजिओची सीडी माग. तुमचा हक्क आहे, मागायला लाजायचं नाही, ती सीडी घेऊन दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला दाखवता येते, पेशंटला न्यावंही लागत नाही. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सीडी जाऊन येईल, आप्पा घरी पंख्याखाली.

ठरवून केलेल्या प्लास्टीत टेबलावर काय होऊ शकतं तेही सांगते, कारण संमतीपत्रावर ते बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. नस चिरू शकते, भोक पडून हृदयाभोवती रक्त साठू शकतं, ते सुई घालून काढावं लागतं, गुठळी सुटून डोक्यात जाऊ शकते, ठोके बिघडू शकतात, डायची ॲलर्जी येऊ शकते, घाईनं बायपासला न्यावं लागू शकतं. पॅरालिसिस हजारात दोन-तीन, घाईची बायपास शंभरात एकाच्याही खाली. वय, शुगर, किडनी, कमी पंपिंग यांनी आकडे वाढतात. अटॅकमध्ये घाईनं केलेल्या प्लास्टीत धोका यापेक्षा बराच जास्त असतो, आणि तो टप्पा आप्पांनी पार केलाय.

पैशाचं लिहिलं नाहीस पण मनात असणारच. स्टेंटच्या किमतीवर 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं मर्यादा घातली, लेपाचा स्टेंट 29,600 रुपये, नंतर आकडा बदलत गेला, पण मर्यादा आहे, आणि बिलात स्टेंट वेगळा दाखवायला लाव, कंपनी-नंबरासकट. त्याचं स्टिकर फाइलला लागलेलं असतं, नसेल तर माग. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, त्यात प्लास्टी बसते, पहिल्या वेळी घाईत कुणी विचारलं नसेल तर या वेळी आधीच, ॲडमिट व्हायच्या आत, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जा. सगळ्या हॉस्पिटलांत योजना नसते, 155388 वर फोन करून विचारता येतं.

घरात तुझं कोण ऐकत नाही म्हणतेस. मी एक केलं होतं माझ्या स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी, ते रिटायर्ड गिरणी कामगार, डोकं नारळासारखं. त्यांच्याशी वाद घातलाच नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, आणि "मला विचारल्याशिवाय बंद करू नये", खाली सही-शिक्का. ती चिठ्ठी देवघराशेजारी कॅलेंडरला टाचली. सुनेचं कोण ऐकतंय, पण शिक्क्याचं सगळे ऐकतात बघ. मामांनाही गुरुवारी सोबत घेऊन जा, खरंच, त्यांना डॉक्टरांसमोर बसव आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू दे. तो माणूस आप्पांच्या काळजीनंच बोलायलाय.

तोवर छातीत दाब, जबड्यात-हातात कळ, घाम, काहीही वाटलं तर सकाळची वाट नाही, गॅसची गोळी नाही, 108 लावायचा आणि जिथं कॅथलॅब आहे तिथंच जायचं, आणि पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हे की पाच आठवड्यांपूर्वी स्टेंट टाकलाय, गोळी चार दिवस चुकली होती.

आणि वैद्यबुवांना सांग, नाडी डाव्या हाताची बघा म्हणावं.